दुर्गंधी फुलांचे कंद : लावणीपासून फुलापर्यंत

सुरणाचं झाड पुष्कळांनी पाहिलेलं असतं, त्याचं फूल मात्र फार थोड्यांनी. पानाचा मागमूस नसताना उघड्या मातीतून एक जाड कळी वर येते, तिच्याभोवतीचं आवरण झालरीसारखं उलगडतं, मधोमध सुरकुतलेला जांभळट गोळा दिसू लागतो आणि मेलेल्या उंदरासारखा वास सुटतो. दोनेक दिवसांत सगळं आटोपतं. सुरण ज्या ॲमॉर्फोफॅलस प्रजातीतला आहे, तिच्यात दोनशेहून अधिक जाती आहेत. आफ्रिकेपासून आशियाच्या उष्ण भागांतून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्या पसरल्या आहेत. सॉरोमॅटम आणि ड्रॅक्युन्क्युलस या त्यांच्या नात्यातल्या प्रजातींची फुलंही तशीच वास मारणारी. सगळी अळूच्या कुळातली.

यांतली बरीच झाडं घरी कुंडीत छान वाढतात. त्यांना फार देखभाल लागत नाही, पण त्यांचं वर्ष बाकीच्या कुंड्यांतल्या झाडांसारखं चालत नाही. नवशिक्यांच्या हातून कंद जातात ते बहुतेक वेळा याच कारणाने: झोपलेल्या कंदाला पाणी घातलं जातं.

आधी त्याचं वर्ष समजून घ्या

कंदातून दर हंगामात साधारणपणे एकच पान येतं. लांबून ते छोट्या झाडासारखं दिसतं, कारण देठ खोडासारखा जाड आणि ठिपकेदार असतो आणि वर पात्याचे भाग छत्रीसारखे पसरलेले असतात. पण ते सगळं मिळून एकच पान. ते काही महिने अन्न तयार करतं, कंद भरतो, मग पान पिवळं पडून आडवं होतं आणि कंद झोपी जातो. ही झोप चार ते सहा-सात महिन्यांची असू शकते. जागं होताना लहान कंद पुन्हा पान काढतो. पुरेसा मोठा झालेला कंद आधी फूल काढू शकतो आणि त्यानंतर पान.

आणखी एक गोष्ट कंद उपटल्याशिवाय दिसत नाही. ॲमॉर्फोफॅलसचा कंद दरवर्षी नवा होतो. पान वाढताना ते जुन्या कंदातलं अन्न शोषून घेतं आणि देठाच्या बुडाशी नवा कंद भरू लागतो. हंगामाच्या शेवटी माती बाजूला केली की गुळगुळीत, घट्ट नवा कंद हाती येतो आणि त्याच्या खाली जुन्याची चुरगळलेली, रिकामी साल चिकटलेली असते. बोटाने ओढली की ती सहज सुटते. म्हणून हंगामाच्या मध्यावर कुतूहलापोटी कंद उकरू नका. त्या वेळी जुना मऊ पडलेला असतो, नवा पुरता भरलेला नसतो, आणि तुटलेली मुळं त्या हंगामात नीट परत येत नाहीत.

या झाडांबद्दल मला मनापासून सांगायचं आहे ते एवढंच: पान जपा. फूल हे मागच्या काही वर्षांच्या पानांनी साठवलेल्या अन्नावर येतं. पान जितके जास्त दिवस हिरवं टिकेल तितका कंद मोठा होतो. फुलासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

पहिला कंद कोणता घ्यावा

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात सॉरोमॅटम व्हेनोझमने करा. कंद लहान असतो, किमतीला आणि जागेला हलका, आणि पाच-सहा सेंटिमीटर व्यासाचा कंदही फूल देऊ शकतो. लांब, पिवळट हिरव्या आवरणावर गडद जांभळे डाग आणि मधून निघालेला बारीक लांब दांडा असं त्याचं फूल असतं. मूळचा तो हिमालयापासून दक्षिण भारतापर्यंत आणि आफ्रिकेतही आढळणारा, त्यामुळे हवामानाच्या बाबतीत सोशिक आहे.

दुसरा ॲमॉर्फोफॅलस कोंजॅक. मूळचा चीनच्या युनान भागातला. थोडी थंडी सोसतो, भराभर वाढतो, पिल्लंही, म्हणजे मुख्य कंदाला फुटणारे छोटे कंद, भरपूर देतो. याचं फूल माणसाच्या कमरेएवढं, कधी त्याहून उंच होतं, आणि गर्द तपकिरी-जांभळ्या आवरणातून दांडा बराच वर निघालेला असतो. याला फुलायला लहान कंदापासून साधारण चार-पाच वर्षं लागतात. वास जबरदस्त.

वासाची धास्ती वाटत असेल तर ॲमॉर्फोफॅलस बल्बिफर घ्या. फूल फिकट गुलाबी, वास सौम्य आणि थोडा वेळच. त्याची खरी गंमत पानावर असते. पात्याचे फाटे जिथे फुटतात तिथे छोटे तपकिरी गोळे तयार होतात आणि त्यांच्यापासून नवीन रोपं होतात.

हिवाळा कडक आणि उन्हाळा कोरडा असलेल्या ठिकाणी ड्रॅक्युन्क्युलस व्हल्गॅरिस बरा. तो भूमध्य समुद्राच्या आसपासचा आहे आणि त्याचं वर्ष उलटं चालतं: थंडीत पानं, उन्हाळ्यात झोप. इथून पुढे लिहिलेलं वेळापत्रक त्याला उलटं लावायचं.

ॲमॉर्फोफॅलस टायटॅनमचा मोह सगळ्यांनाच होतो. सुमात्रा बेटावरचं हे झाड १८७८ मध्ये ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतीशास्त्रज्ञाने जगासमोर आणलं आणि लागवडीखालचं त्याचं पहिलं फूल १८८९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात उमललं. फूल तीन मीटरपर्यंत जातं, पान त्याहूनही उंच, आणि एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधल्या एका कंदाचं वजन १५३.९ किलो भरलं होतं. बारमाही ऊब, दमट हवा, उंच छत आणि सात-दहा वर्षांची वाट पाहण्याची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जा. हे झाड निसर्गात धोक्यात आलेलं आहे. म्हणून याचा आणि कुठल्याही दुर्मीळ जातीचा कंद घेताना तो लागवडीतला आहे ना, हे विचारून घ्या. रानातून खणून आणलेला कंद विकत घेतला की पुढचा कंद खणायला आपणच पैसे दिल्यासारखं होतं. परदेशातून मागवायचा असेल तर वनस्पती आयातीचे नियम आधी पाहा.

कंद हातात आल्यावर

आधी हातमोजे. या झाडांच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कंद कापला, पान मोडलं, रस लागला की त्वचेला खाज सुटते, आणि तोंडात गेलं तर जीभ-घसा सुजतो. लहान मुलं आणि चावरे पाळीव प्राणी यांच्या हाताशी कंद ठेवू नका.

चांगला कंद वजनदार आणि टणक लागतो. अंगठ्याने सर्व बाजूंनी दाबून पाहा. कुठे मऊ लागलं, ओलसर डाग दिसला किंवा आंबूस वास आला तर तो भाग कुजतो आहे. झोपेतल्या निरोगी कंदाला वास नसतो. थोडा सुरकुतलेला, हलका झालेला कंद मात्र बऱ्याचदा वाचतो.

मग वरची बाजू शोधा. ॲमॉर्फोफॅलसच्या कंदावर एका बाजूला खळगा असतो आणि खळग्याच्या मधोमध डोळा, म्हणजे पुढच्या कोंबाचं टोक. त्याच्याभोवती जुन्या मुळांच्या खुणा असतात. तीच वरची बाजू. अजिबात ओळखू येत नसेल तर कंद आडवा लावा, कोंब आपला रस्ता शोधतो.

कुंडी, माती आणि खोली

मुळं कंदाच्या बुडातून येत नाहीत. ती वरच्या बाजूने, डोळ्याभोवतून फुटतात आणि आडवी पसरून मग खाली वळतात. म्हणूनच कंद वर-वर लावला तर मुळांना माती मिळत नाही आणि जड पान वाऱ्याने कलंडतं. कंदावर किमान त्याच्या उंचीइतकी माती हवी. मुठीएवढ्या कंदावर दहा ते पंधरा सेंटिमीटर माती ठेवा, लहान पिल्लांवर चार-पाच सेंटिमीटर पुरे. कुंडी कंदाच्या व्यासाच्या तिप्पट रुंद आणि तितकीच खोल घ्या. नवा कंद जुन्यापेक्षा मोठा होतो, त्याला जागा लागते. तळाला भोकं मोकळी असली पाहिजेत.

मिश्रणाची एकच कसोटी आहे: भरपूर पाणी घातल्यावर ते काही सेकंदांत तळातून वाहून गेलं पाहिजे आणि तरी दुसऱ्या दिवशी माती दमट लागली पाहिजे. चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग आणि पर्लाइट, जाडी वाळू किंवा सालीचे तुकडे एक भाग, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालतं. पाऊस फार असेल तर तिसरा भाग वाढवा. अर्धवट कुजलेलं खत कंदाला चिकटेल असं कधीही घालू नका. कंदाच्या अवतीभवती मूठभर नुसती जाडी वाळू घातली तर कूज लागण्याचा धोका बराच कमी होतो.

लावायचं कधी? महिना पाहू नका, कंद पाहा. डोळा फुगून गुलाबी किंवा फिकट कोंब दिसू लागला आणि रात्रीचं तापमान पंधरा अंशांच्या वर स्थिरावलं की लावा. झोपेतला कंद घाईने लावून काही मिळत नाही.

पाणी आणि खत

लावल्यावर एकदा माती हलकी ओली करा आणि थांबा. कोंब मातीवर दिसेपर्यंत पाणी जवळजवळ नकोच. फार कोरडं पडलं तर वरून थोडा शिडकावा. या काळात कंदाला मुळं नसतात, त्यामुळे घातलेलं पाणी नुसतं साचून राहतं. कोंब बोटभर वर आला की मुळं धरलेली असतात. तिथून पाणी वाढवा, आणि पान पूर्ण उघडल्यावर माती कधीही पार सुकू देऊ नका. पान एकच असल्याने एकदा ते कोमेजून वाळलं की त्या वर्षाची वाढ संपली.

खताच्या बाबतीत ही झाडं खादाड आहेत. पान उलगडल्यापासून दर दोन आठवड्यांनी संतुलित द्रवरूप खत, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने. पान महिना-दोन महिन्यांचं झालं की पालाश जास्त असलेल्या खताकडे वळा, कंद भरायला ते उपयोगी पडतं. पानाच्या कडा पिवळ्या व्हायला लागल्या की खत बंद.

उजेड भरपूर हवा, पण दुपारचं थेट ऊन नको. ही बहुतेक रानाच्या कडेची, झाडांच्या विरळ सावलीतली झाडं आहेत. सकाळचं ऊन मिळणारी बाल्कनी किंवा मोठ्या झाडाखालची जागा उत्तम. खोलीच्या आत ठेवलंत तर देठ उजेडाकडे वाकून लांबतो आणि पुढे मोडतो. वाऱ्याच्या जागी देठाला सैल बांधून काठीचा आधार द्या. काठी कोंब येण्याआधीच कुंडीच्या कडेला रोवा, नंतर रोवली तर कंदाला भोक पडायची भीती.

झोप

पान पिवळं पडलं की पहिल्यांदा काळजी वाटते. हंगाम पुरा झाला असेल तर ते ठीकच आहे. पाणी हळूहळू कमी करत बंद करा. पान कापू नका, ओढू नका. त्यातलं अन्न कंदात उतरत असतं. देठ स्वतःहून सुटून पडेल तेव्हाच उचला. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी कुंडी उलटी करून कंद बाहेर काढा.

हा दिवस मला वर्षातला सर्वांत आवडता वाटतो, कारण वर्षभर केलेल्या कामाचा हिशेब एका हातात मावतो. माती ब्रशने झटकून टाका, धुऊ नका. पिल्लं सुटत असतील तर सोडवा, घट्ट असतील तर तशीच राहू द्या. कंदाचं वजन करून लेबलवर लिहा. चांगली वाढ झालेला तरुण कोंजॅक वर्षात दुप्पट, कधी त्याहून जास्त वजनाचा होतो. वजन घटलं असेल तर पुढच्या वर्षी उजेड किंवा खत वाढवायला हवं, हे त्या आकड्यावरूनच कळतं.

सावलीत दोन-तीन दिवस सुकवून कंद वर्तमानपत्रात सैल गुंडाळा आणि हवेशीर, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. कोंजॅक आणि सॉरोमॅटमला दहा ते पंधरा अंश चालतात. उष्ण प्रदेशातल्या जातींना वीसच्या आसपास ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको. अगदी छोटी पिल्लं उघड्यावर सुकून जातात, ती किंचित दमट कोकोपीटमध्ये ठेवावीत. महिन्यातून एकदा प्रत्येक कंद हातात घेऊन दाबून पाहा.

ज्यांना काढ-घाल नको, त्यांनी कंद कुंडीतच ठेवून ती पाऊस लागणार नाही अशा जागी सरकवली तरी चालतं. मात्र आत कूज लागली तर ती वेळेवर दिसत नाही.

फूल येताना

एखाद्या वर्षी डोळा नेहमीपेक्षा लवकर फुगतो आणि कोंब बुडाशी जाड, फुगीर दिसतो. पानाचा कोंब सडपातळ आणि टोकदार असतो. खात्री मात्र बाहेरची खवल्यांसारखी आवरणं मागे सरली की होते: आत गुंडाळलेलं आवरण दिसलं तर फूल, बारीक चुरगळलेली पात्यं दिसली तर पान.

सॉरोमॅटम आणि कोंजॅक दोन्ही माती आणि पाण्याशिवाय फुलतात. कंद जड वाडग्यात गोटे लावून उभा बसवा. दांडा उंच होतो तसा तोल जातो, म्हणून गोटे हवेतच. सगळं अन्न कंदात साठवलेलं असतं.

ज्याला आपण फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा गुच्छ आहे. मधल्या दांड्याच्या बुडाशी शेकडो बारीक मादी फुलं, त्यांच्या वर नर फुलं आणि त्याही वर वास सोडणारं वांझ टोक. हे टोक तापतं. टायटॅनममध्ये ते माणसाच्या शरीराइतकं, सुमारे ३६ अंशांपर्यंत जातं. उष्णतेने वासाचे रेणू हवेत लवकर उडतात, वर चढतात आणि दूरच्या माश्या-भुंगेऱ्यांना मेलेला प्राणी असल्याचा भास होतो. या वासात गंधकाची संयुगं, मुख्यतः डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड असतात, आणि मांस सडतानाही हीच तयार होतात. ही उष्णता सुरू करणारा संदेश सॅलिसिलिक ॲसिडचा असतो, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं, आणि ते ज्या झाडावर सिद्ध झालं ते म्हणजे सॉरोमॅटम. तुमच्या खिडकीत सॉरोमॅटम उमलेल त्या सकाळी दांड्याचं टोक बोटांत धरून पाहा. शेजारचं आवरण गार आणि टोक स्पष्ट कोमट लागतं. झाडाच्या अंगातली ऊब अशी हाताला जाणवण्याची संधी फार क्वचित मिळते.

वासाचा बहर थोडा असतो. सॉरोमॅटमचा मुख्यतः उमलल्या दिवसापुरता, कोंजॅकचा दीड-दोन दिवस. कळी उमलायच्या बेतात आली की कंद बाल्कनीत किंवा अंगणात हलवा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा आणि त्यांना पाहायलाही बोलवा. वास सहनच होत नसेल तर वरचं वांझ टोक धारदार सुरीने कापून टाका, वासाचा उगम तिथेच असल्याने तो जवळजवळ थांबतो आणि बाकीचं फूल तसंच दिसत राहतं.

फुलाला कंदाची पुष्कळ शक्ती लागते. कळी येऊनही फूल नको असेल, किंवा कंद अशक्त असेल, तर कळी लहान असतानाच कापली तरी चालते. फुलू दिलंत तर ते कोमेजल्यावर दांडा बुडाशी मऊ होऊ द्या, मग काढा. कंद पुन्हा वजन करून मातीत लावा. वजन घटलेलं दिसेल. काही आठवड्यांनी पान येईल, कदाचित मागच्या वर्षीपेक्षा लहान. पुढच्या हंगामात बहुधा नुसतं पानच येईल, आणि तेच त्याच्या हिताचं आहे.

बिया एकाच फुलापासून सहसा मिळत नाहीत. मादी फुलं पहिल्या दिवशी तयार असतात आणि पराग त्यानंतर सुटतात. म्हणून मादी फुलं तयार असताना पराग सोडणारं दुसरं झाड किंवा जपून ठेवलेले पराग लागतात.

काय बिघडू शकतं

कंदकूज हा सर्वांत मोठा शत्रू. डाग लहान असेल तर पांढरा, निरोगी भाग लागेपर्यंत खरवडा, जखमेवर गंधकाची पूड लावा आणि कंद आठवडाभर सावलीत हवेशीर ठेवून जखम पूर्ण सुकल्यावरच पुन्हा साठवा किंवा लावा. कंद आतून पातळ झाला असेल तर टाकून द्या आणि ती मातीही पुन्हा वापरू नका.

साठवणीत पिठ्या ढेकूण डोळ्याभोवतीच्या खळग्यात दडतात. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसून काढा. कोरड्या गरम हवेत पानाच्या खालच्या बाजूला लाल कोळी येतो, पान बारीक ठिपक्यांनी फिकट पडतं. दर दोन-तीन दिवसांनी खालून पाण्याचा फवारा मारला की तो आटोक्यात राहतो. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी समजा. माती फेका, कंद स्वच्छ करून नव्या मातीत लावा.

पुढची रोपं

कोंजॅकची पिल्लं जाड दोरासारखी आडवी निघून टोकाला फुगतात. कंद काढताना ती कुंडीच्या कडेला, मातीत हरवलेली सापडतात, म्हणून माती टाकण्याआधी चाळून घ्या. सॉरोमॅटमची गोल पिल्लं कंदालाच चिकटलेली असतात आणि हलक्या वळशाने सुटतात. बल्बिफरच्या पानावरचे गोळे पान वाळताना आपोआप गळतात. ते गोळा करून मुख्य कंदाबरोबरच कोरडे ठेवा आणि पुढच्या हंगामात दोन-तीन सेंटिमीटर खोल लावा.

प्रत्येक पिल्लाला वेगळं लेबल हवं: जातीचं नाव, कोणत्या कंदाचं आणि वर्ष. झोपेतले सगळे कंद सारखेच दिसतात, आणि सॉरोमॅटम समजून घराच्या आत ठेवलेला कंद मोठ्या कोंजॅकचा निघाला तर तो उमलेपर्यंत कळत नाही.